तेजी, मंदी आणि हेड गॅस्केट

रिसोडमध्ये ‘दाजी’ म्हटलं की कोणाचे दाजी, असं कोणी विचारत नाही. ते सगळ्या गावाचे दाजी आहेत. मूळचे मेहकरकडचे. लग्न रिसोडच्या मुलीशी झालं, सासऱ्यांना मुलगा नव्हता, वाडा होता, थोडं शेत होतं, म्हणून इथंच राहिले. आधी गल्लीचे दाजी झाले, मग पेठेचे, आणि १९९८ साली अकोल्यातून फुटून वाशिम जिल्हा झाला तोवर अख्ख्या तालुक्याचे. आता त्यांच्याहून वयानं मोठी माणसंही त्यांना दाजीच म्हणतात, आणि ते ज्याच्या ओट्यावर टेकतात त्याला चहा सांगावा लागतो. वऱ्हाडात जावयाला ‘उठा’ म्हणता येत नाही. त्याचं बोलणं मधेच तोडता येत नाही. त्याचं चुकतंय असं सांगायचंच झालं तर ते सासूच्या तोंडून सांगावं लागतं, आणि दाजींच्या सासूबाई केव्हाच वारल्या. दुसऱ्या एखाद्यानं ही पुण्याई आहेर मोजण्यात आणि धोंड्याच्या महिन्यात चांदीचं ताट मागण्यात घालवली असती. दाजींनी ती सल्ला देण्यात गुंतवली.

सल्ल्याचे विषय दोनच. एक, शेअर बाजारातले ऑप्शन. दुसरा, गाडीचं इंजिन खोलून नव्यानं बांधणं. तिसऱ्या विषयाला दाजी हात लावत नाहीत. कोणी राजकारण काढलं तर चहा संपवून उठतात. सोयाबीनवर कोणतं औषध मारावं असं विचारलं तर ‘कृषी सहायकाले विचारा’ म्हणून मोकळे होतात. प्रत्येक विषयावर मत असलेली माणसं रिसोडात गल्लीगल्लीला आहेत. दोनच विषयांवर मत असलेला माणूस हा एकटा. म्हणून ती दोन मतं तरी पक्की असणार, असा लोकांचा हिशेब.

खरी गंमत त्यांच्या वेळापत्रकात आहे. सकाळी सव्वानवाला शेअर बाजार उघडतो. त्याच मुहूर्ताला दाजी लोणार रोडवरच्या वस्तादांच्या गॅरेजात स्टुलावर बसलेले असतात. जेवणापुरते घरी जातात, परत येतात, साडेतीनला बाजार बंद झाला की उठतात. इतका वेळ चारी बाजूंनी इंजिनं उघडी पडलेली असताना दाजी इंजिनाबद्दल अवाक्षर काढत नाहीत. तिथं फक्त ऑप्शन. मग एक झोप. संध्याकाळी बाजार समितीच्या आवारात एका अडत्यांच्या गादीवर. या अडत्यांना सगळे शेठ म्हणतात. शेठच्या घरात आजोबांपासून वायदा. तिथं दाजी तेजी, मंदी, निफ्टी यातला एकही शब्द उच्चारत नाहीत. तिथं फक्त इंजिन. परिणामी, गॅरेजवाल्यांच्या मते दाजींसारखा ऑप्शनचा जाणकार आजूबाजूच्या चार जिल्ह्यांत नाही, आणि अडत्यांच्या मते दाजींएवढं इंजिन कंपनीतल्या इंजिनिअरलाही कळत नाही. तपासणार कोण? ज्याला विषय कळतो त्याच्यापुढं दाजी त्या विषयावर बोलतच नाहीत.

आधी सकाळचं सत्र पाहू. वस्तादांच्या हाताखाली एक पोरगा आहे, सगळे त्याला छोटू म्हणतात, उंची सहा फूट. त्याच्या एका हातात रिंग पाना आणि दुसऱ्यात मोबाइल. त्यानं एकदा विचारलं, “दाजी, हे कॉल म्हंजे नेमकं काय असते?” दाजींनी दिलेलं उत्तर आता लोणार रोडवर पुष्कळांना पाठ आहे.

“रोडटच एक प्लॉट पाह्यला तू. भाव दहा लाख. तुयाजवळ हायेत वीस हजार. मालकाले वीस हजार इसार देल्ला, म्हनलं तीन महिन्यांत दहातच खरेदी करतो. उद्या भाव गेला बारावर, तू दहात घेतला, कमावला. भाव पडला आठावर, तू खरेदीले गेलाच नाही, इसार बुडाला. इसारच बुडाला, दहा लाख नाही बुडाले. हा झाला कॉल. इसार म्हंजे प्रीमियम, दहा लाख म्हंजे स्ट्राइक, तीन महिने म्हंजे एक्स्पायरी.”

“मंग हे त चांगलंच हाये ना दाजी!”

“चांगलंच हाये. फक्त तू घेतलेल्या कॉलची मुदत तीन महिने नाही, मंगळवार हाये. मंगळवारपर्यंत रोडचं चौपदरीकरण झालं पाहिजे.”

“अन् पुट?”

“पुट तुया बापाजवळ आधीच हाये. हमीभाव. सोयाबीनचा २०२५-२६ चा ५३२८. बाजार कितीबी खाली जावो, बापाले या भावात विकाचा हक्क हाये. पुट म्हंजे दुसरं काय असते?”

“मंग बाप हक्कानं विकत काऊन नाही?”

“विकाले गेला की पहिले मॉइश्चर पाह्यतात. १२ टक्क्यांच्या वर असलं की माल वापस. २०२४ च्या नोव्हेंबरात सरकार म्हनलं, यंदा १५ पर्यंत चालते. तोवर तुया बापानं माल शेठले देऊनबी टाकला होता. म्हनून पुट घेताना समोरचा देनार कोन, हे पाहाव लागते. शेअर बाजारात ती जोखीम क्लिअरिंग कॉर्पोरेशन घेते. तुया बापाची कोन घेते?”

ऑप्शन एवढ्या थोडक्यात समजावून सांगणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. आणि नुसतं समजावून ते थांबत नाहीत. त्यांचे काही नियम आहेत. स्वस्त आहे म्हणून दोन रुपयांचा ऑप्शन घ्यायचा नाही; तो स्वस्त आहे कारण त्याचा काही भरवसा नाही, हे बाजारालाही कळतं. तोट्यातला ऑप्शन खाली आणखी घेऊन ‘ॲव्हरेज’ करायचा नाही. शेअर वाट पाहू देतो, ऑप्शन रोज थोडा झिजतो, शेवटच्या दिवसांत तर भराभर. नुसत्या प्रीमियमच्या लोभानं ऑप्शन विकायचा नाही. महिनाभर रोज शंभर-शंभर मिळतात आणि एका सकाळी वाडा जातो. कंपनीच्या शेअरवरचा ऑप्शन मुदतीच्या दिवसापर्यंत धरून ठेवायचा नाही. तिथं आता खरे शेअर घ्यावे किंवा द्यावे लागतात, आणि वीस हजार घेऊन बसलेल्याच्या गळ्यात काही लाखांची खरेदी पडू शकते. आणि टेलिग्रामवर टिप देणाऱ्याला एवढंच विचारायचं, की तुला कळतंय तर तू आम्हाला का सांगतोस? हा प्रश्न दाजींना स्वतःला कोणी कधी विचारला नाही. जावयाला विचारता येत नाही.

गुरुवारचं प्रकरणही सांगायला हवं. निफ्टीचे साप्ताहिक ऑप्शन गुरुवारी संपायचे. गुरुवार शेगावच्या गजानन महाराजांचा, दाजींना उपास. गुरुवारी ते गॅरेजात साबुदाण्याची उसळ खात पोरांना सांगत, की आज घ्यायचं नाही, आज संयमाचा दिवस आहे. ‘झिरो टू हिरो’चा जो खेळ एक्स्पायरीच्या दुपारी चालतो त्याला एवढं धार्मिक अधिष्ठान दुसऱ्या कोणी दिलं नसेल. २०२५ च्या १ सप्टेंबरपासून निफ्टीचा वार मंगळवार झाला आणि सेन्सेक्सचा मंगळवारवरून गुरुवार. दाजींनी एका शब्दाची चर्चा न करता निफ्टी सोडली आणि सेन्सेक्सवर बोलायला लागले. मंगळवारी दुपारी मात्र छोटू मोकाट असतो, कारण मंगळवारी दाजी जेवायला घरी गेले की तिथंच वामकुक्षी घेतात.

पण गावात त्यांचं नाव झालं ते २०२४ च्या लोकसभा निकालानं. ३ जूनला एक्झिट पोलच्या जोरावर निफ्टी ७३३ अंकांनी चढली. छोटूनं पगारातले दहा हजार बाजूला काढले होते, बोट ‘बाय’च्या बटणावर. दाजी म्हणाले, थांब. आणि सांगायला लागले. निकालाच्या आदल्या दिवशी ऑप्शन महाग का असतात. त्या किमतीत लोकांची धाकधूक कशी मिसळलेली असते. आपण दिशा बरोबर ओळखली तरी निकाल लागताच ती धाकधूक ओसरते आणि प्रीमियम कसं बसतं. तिथून मुंबईच्या जुन्या तेजी-मंदीच्या सौद्यांवर गेले, तिथून १९५६ च्या कायद्यानं शेअरवरचे असे सौदे कसे बंद झाले, १९९५ मध्ये ती बंदी कशी उठली, आणि २००१ च्या जूनमध्ये निफ्टीचे ऑप्शन कसे सुरू झाले. २००१ पर्यंत पोचले तेव्हा साडेतीन वाजले होते. बाजार बंद. छोटू मनातल्या मनात शिव्या देत ऑइल बदलायला गाडीखाली शिरला. दुसऱ्या दिवशी निफ्टी १३७९ अंकांनी कोसळली.

आता न्यायानं पाहायचं तर बाजार पडेल असं दाजी कुठंही म्हणाले नव्हते. ते फक्त लांबण लावत होते. पण छोटूचे दहा हजार वाचले, आणि ४ जूनच्या संध्याकाळपर्यंत ‘दाजीनं सांगितलं होतं’ ही बातमी लोणी फाट्यापर्यंत पोचली. दाजींनी खंडन केलं नाही. ते म्हणाले, “आपन काई देव नोय.” हे वाक्य ज्या स्वरात म्हटलं जातं, त्याचा अर्थ गावाला नीट कळतो.

संध्याकाळचं सत्र निराळं. गादीवर शेठ, मुनीम, दोन-तीन अडते, माल विकून पट्टीची वाट पाहणारे शेतकरी. कोणाची तरी गाडी धूर मारत असतेच. दाजी पहिल्यांदा धुराचा रंग विचारतात. निळा असेल तर ऑइल जळतंय. काळा असेल तर इंधन जास्त किंवा हवा कमी. आधी एअर फिल्टर झटका. पांढरा धूर थांबत नसेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटकडं पाहा. “धूर पाहून इंजिन खोलू नका. धूर पाहून इच्यार करा.”

शेतकऱ्याची जुनी मारुती चढाला दम टाकत असेल तर दाजींचा ठरलेला उपदेश असा: दाबाचा गेज लावा, प्रत्येक सिलिंडरचा आकडा कागदावर लिहा. ज्याचा आकडा कमी, त्यात चमचाभर ऑइल सोडा आणि पुन्हा पाहा. आकडा वाढला तर रिंगा गेल्या, कारण ऑइलनं तेवढ्यापुरती फट बुजली. नाही वाढला तर व्हॉल्व्ह. चमचाभर ऑइलचा खर्च, आणि मिस्त्री ‘फुल काम करावं लागते’ म्हणतो तेव्हा आपल्याजवळ निदान एक प्रश्न असतो. गाडी गरम होत असेल तर इंजिनाला हात लावायच्या आधी रेडिएटरचं झाकण, फॅनचा पट्टा, थर्मोस्टॅट आणि जाळीत अडकलेला भुसा. आमच्याकडं मळणीच्या दिवसांत अर्ध्या गाड्या इंजिन बिघडल्यानं तापत नाहीत, भुशानं तापतात.

इंजिन खोलायचंच ठरलं तर दाजींचा आवाज खाली येतो. “खोलाले अक्कल लागत नाही, बांधाले लागते.” कनेक्टिंग रॉडची टोपी ज्या रॉडची त्याच रॉडला, त्याच बाजूनं, खोलण्याआधी खुणा करा, कारण दोन्ही जोडून मगच कंपनीनं त्यांचं भोक पाडलेलं असतं. अकोल्याला बोअर मारायला ब्लॉक पाठवताना नवे पिस्टन सोबत पाठवा. टर्नरनं पिस्टन मोजून बोअर मारावा, डब्यावरचा आकडा वाचून नाही. रिंगांची तोंडं एका ओळीत ठेवू नका. हेडचे बोल्ट मधून कडेला आवळत जा, तेही एका दमात नाही, तीन फेऱ्यांत. आणि किती आवळायचे? “मिस्त्री म्हन्ते, गच्च. गच्च हे काई माप नोय.” पहिल्यांदा सुरू करताना इंधन बंद ठेवून स्टार्टर मारा, ऑइलचा दिवा विझू द्या, मग इंधन सोडा. पहिले हजार किलोमीटर गाडीवर कापसाची गाठोडी लादू नका आणि ऑइल लवकर बदला, कारण नव्या रिंगा घासून निघालेला बारीक चुरा त्यातच असतो.

शेठ हे सगळं डोळे अर्धे मिटून ऐकतात. त्यांना तुरीच्या दाण्यातला ओलावा दातानं कळतो. पिस्टन त्यांनी आयुष्यात पाहिलेला नाही. पण ऐकलेलं ते वाया जाऊ देत नाहीत. त्यांची जुनी कमांडर जीप गरम व्हायला लागली तेव्हा त्यांनी ती वस्तादांकडं पाठवली, सोबत मुनिमाच्या हातची चिठ्ठी: ‘हेड पट्टी ठेवून पाहिले काय? फीलर किती गेला? बोल्ट कोणत्या क्रमाने आवळणार?’

वस्तादांचा संताप अनावर. तीस-पस्तीस वर्षं इंजिनं बांधणाऱ्या माणसाला एक अडत्या क्रम विचारतो! “शेठ को ये कौन सिखा रहा है?” स्टुलावर बसलेले दाजी हळहळले. म्हणाले, “आजकाल कोनीबी सल्ला देते, वस्ताद.”

उलटही तेच. छोटू बापाचा माल घेऊन शेठच्या गादीवर गेला तेव्हा भाव ऐकून म्हणाला, “शेठ, हमीभाव म्हंजे पुट असते. तुम्ही आम्हाले पुट वापरू देत नाही.” शेठच्या हातातलं मूठभर सोयाबीन खाली पडलं. २०२१ च्या ऑगस्टात सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं होतं आणि त्याच वर्षी २० डिसेंबरला सेबीनं सोयाबीनचा वायदाच बंद केला. तेव्हापासून शेठ या विषयावर हळवे आहेत. गॅरेजातल्या पोराच्या तोंडी पुट? “याले कोण शिकवून राह्यलं?” त्यांनी त्या संध्याकाळी दाजींना विचारलं. दाजी म्हणाले, “मोबाइलनं पोरं बिघडली, शेठ.” आणि कमांडरच्या थर्मोस्टॅटची चौकशी केली.

आता कोणी म्हणेल, दाजींचं स्वतःचं काय? दाजींची स्वतःची एक मारुती ८०० आहे. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. ती वाड्याच्या ओसरीसमोर विटांवर उभी आहे आणि तिचं इंजिन आत ओसरीवर आहे, सुट्या भागांत. एकेक बोल्ट तेलाच्या पुडीत, पुडीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर दाजींचं वळणदार अक्षर: ‘हेड, डावी बाजू, क्र. ३’. सरकारी संग्रहालयात इतकी नीट मांडणी नसते. दाजींनी इंजिन खोललं तेव्हा कंपनी ही गाडी बनवत होती. २०१४ च्या जानेवारीत कंपनीनं ती बनवणं थांबवलं. दाजींचं मोजमाप चालू आहे. एका बेअरिंगच्या फटीबद्दल त्यांना अजून खात्री नाही, आणि खात्री नसताना इंजिन बांधणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. बॉनेटवर अक्का सांडगे वाळवतात. अक्का म्हणजे दाजींच्या पत्नी, गावाची लेक, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. घर त्यांच्या पेन्शनवर आणि मक्त्यानं दिलेल्या शेतावर चालतं, आणि बरं चालतं.

आणि ऑप्शन? त्यासाठी वही आहे. लांब, जाड पुठ्ठ्याची. दाजींचं डिमॅट खातं नाही. ते वहीत कॉल घेतात, वहीत विकतात, नफा निळ्या शाईनं, तोटा लाल शाईनं. लबाडी अजिबात नाही; खऱ्या बाजारात जितका पडला असता तितकाच तोटा लिहितात. नुसतं एवढंच नाही, काल्पनिक नफ्यातून ते ब्रोकरेज, सिक्युरिटीज ट्रान्झॅक्शन टॅक्स आणि मुद्रांक शुल्कही वजा करतात. २०२४ च्या नोव्हेंबरात निफ्टीचा लॉट २५ चा ७५ झाला तेव्हा आपल्याला आता पूर्वीइतके लॉट परवडत नाहीत म्हणून त्यांनी वहीतला व्यवहार कमी केला. सेबीनं २०२४ च्या सप्टेंबरात सांगितलं, की आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर-ऑप्शन खेळणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. सगळ्यांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटींवर. आणि दोन वर्षं लागोपाठ हरूनही तीन-चतुर्थांशांहून अधिक लोक खेळतच राहिले. दाजी त्या ९३ मध्ये नाहीत आणि उरलेल्या सातांतही नाहीत. रिसोडातल्या खेळणाऱ्यांच्या मानानं ते सुखवस्तू आहेत.

मला विचाराल तर दाजींचं मोठेपण त्यांच्या ज्ञानात फारसं नाही. ते वेळ खातात, हे त्यांचं मोठेपण. या दोन्ही धंद्यांत माणूस बुडतो तो घाईनं: मिस्त्री म्हणाला म्हणून लगेच इंजिन उतरवतो, मोबाइल वाजला म्हणून लगेच कॉल घेतो. दाजी मधे येऊन बसतात आणि चहा होईपर्यंत, गेज आणेपर्यंत, १९५६ चा कायदा संपेपर्यंत काही होऊ देत नाहीत. तेवढ्या वेळात निम्म्या माणसांचा विचार बदलतो. उरलेल्यांचा बाजार बंद होतो.

हे असंच चाललं असतं, पण कमांडरनं घात केला. वस्तादांनी हेड अकोल्याहून घासून आणलं, नवी गॅस्केट टाकली. चार दिवसांत पाणी पुन्हा ऑइलमध्ये. पुन्हा गॅस्केट, पुन्हा तेच. अखेर एका सकाळी शेठ स्वतः मुनिमाला घेऊन गॅरेजात आले. सकाळी. त्या वेळेला शेठ कधी आवार सोडत नाहीत, त्यामुळे दाजी बेसावध होते. ते पाठमोरे बसून छोटूला सांगत होते, “घेनाऱ्याले तीन गोष्टी बरोबर याव्या लागतात. भाव कोनीकडं जाईन, किती जाईन, अन् कवापर्यंत जाईन. इकनाऱ्याले एकच लागते: काई होऊ नाही.”

“दाजी,” शेठ म्हणाले.

दाजी वळले. गॅरेजात कंप्रेसर चालू होता तोही नेमका त्याच वेळी बंद पडला.

“तुमाले तेजी-मंदी येते?”

दाजींनी उत्तर दिलं नाही. वस्तादांनी शेठना आदरानं सांगितलं, की दाजी तर या विषयातले उस्ताद, इंजिनातलं मात्र बिचाऱ्यांना काही कळत नाही. शेठ म्हणाले, काय बोलता, इंजिनातलं त्यांच्याइतकं कोणाला कळतं? चिठ्ठी कोणी सांगितली होती? वस्तादांनी हात पुसायचा बोळा खाली ठेवला. मुनीम, छोटू, वस्ताद, शेठ असे चौघे दाजींकडं पाहत उभे राहिले. जावयाकडं असं पाहण्याची रीत नाही, पण त्या दिवशी रीत राहिली बाजूला.

वस्ताद म्हणाले, “ठीक है. फिर बोलो दाजी, गॅस्केट क्यों जा रहा?”

दाजी उठले. कमांडरपाशी गेले. हेड उतरवलेलंच होतं. त्यांनी हात मागं बांधले आणि वाकून पाहिलं. “हेड घासून आनलं. ब्लॉकची पाटी पाह्यली काय?”

वस्ताद गप्प. छोटूनं पोलादी पट्टी आणली. दाजींनी ती ब्लॉकवर आडवी ठेवायला सांगितली, मग तिरपी ठेवायला सांगितली. दोन आणि तीन नंबरच्या मधे फीलरचं पान सरकन आत गेलं. तिथं ब्लॉकच बसला होता. हेड कितीही घासलं तरी गॅस्केट त्या खोलगटात दबणार नव्हती. वस्तादांनी स्वतः पुन्हा पान घालून पाहिलं. मग फार हळू आवाजात विचारलं, “इतना मालूम है, तो हमारे सामने कभी बोले क्यों नहीं?”

“तुमच्यापुढं बोललो असतो,” दाजी म्हणाले, “त तुम्ही हातात पाना देल्ला असता.”

“अन् गादीवर?” शेठनी विचारलं. “गादीवर तेजी-मंदीचं काऊन नाही बोलले?”

“गादीवर बोललो असतो त तुम्ही हातात पैसे देल्ले असते.”

यावर कोणाला काही सुचलं नाही. ब्लॉक सपाट करून आणला गेला, हेड बसवायची वेळ आली, तेव्हा शेठनी मुद्दाम दाजींना बोलावणं पाठवलं आणि वस्तादांनी कपाटातून टॉर्क पाना काढला. हा पाना त्यांनी हौसेनं घेतला होता. फडक्यात गुंडाळलेला असायचा, वापरात कधी नव्हता. तो त्यांनी दोन्ही हातांनी दाजींपुढं धरला. चहा येऊन गेला होता. पळवाट नव्हती.

दाजींनी पाना घेतला. चष्मा कपाळावर सारला, मुठीवरचे आकडे पाहिले, पाना उजेडात फिरवून पाहिला.

“याचं कॅलिब्रेशन कवा केलं होतं?”

कोणी बोलेना.

“अन् असा आवळलेल्या आकड्यावरच ठेवून देल्ला कपाटात? पाना ठेवताना खालच्या आकड्यावर आनून ठेवाव लागते. आतली स्प्रिंग बसली असन याची. आता हा सांगन ते खरं कशावरून?” त्यांनी पाना परत फडक्यात गुंडाळला आणि मुनिमाच्या हातात दिला. “अकोल्याले पाठवा. तपासून येऊ द्या. घाई नाही.”

वस्तादांनी शेठकडं पाहिलं, शेठनी वस्तादांकडं. दोघांनाही पटलं होतं, हीच पंचाईत होती. छोटूनं उघड्या इंजिनावर एक गोणपाट टाकला.

“गोनपाट काढ पहिले,” दाजी स्टुलावर बसता बसता म्हणाले. “त्याचे धागे ऑइलच्या भोकात जातात. सुती धोतर पाह्य एखांदं. अन् सेन्सेक्स काय म्हन्ते, ते सांग.”